गाळलेल्या परिच्छेदांची गाडी

तीर्थरूप मावशी,

साष्टांग नमस्कार. (हा नमस्कार पालथं पडून घालायचा असतो याची मला कल्पना आहे. पण गेले दोन महिने मी गाडीखाली उताणाच असतो, तेव्हा जसा आहे तसा गोड मानून घे.) तुझा गुडघा कसा आहे? रक्तदाब? नवा चष्मा नाकावरून घसरतो असं कळलं. कळलं म्हणजे तुझ्या सुनेकडून, अर्थात माझ्या बायकोकडून कळलं, कारण माझ्याशी तू गेले एकोणचाळीस दिवस बोलत नाहीस. फोन उचलतेस, माझा आवाज ओळखतेस आणि "राँग नंबर" म्हणून ठेवून देतेस. इकडे सगळं ठीक. माझी नखं काळी आहेत, अंगाला डिझेलचा वास येतो, आणि जेवताना मला खिडकीकडच्या टोकाला वेगळं बसवतात. बाकी तब्येत उत्तम.

तुझा हुकूम मला पाठ आहे. काकांना जाऊन चार वर्षं झाली. त्यांची ती बेचाळीस वर्षांची जर्मन डिझेल गाडी तेव्हापासून तुझ्या शेडमध्ये चादर पांघरून झोपली होती, आणि ती मला देताना तू बजावलं होतंस की आजच्या रविवारी सकाळी अकराच्या आत ती आपल्या चाकांनी तुझ्या फाटकाशी आली पाहिजे. नाही आली तर ती काकांच्या पुतण्याला, म्हणजे आपल्या दातवाल्याला. (दंतवैद्य म्हणायला हवं, पण त्याने माझी शाबूत दाढ काढल्यापासून मी त्याला तो मान देत नाही.) त्याला ती चालवायची नाहीच. दवाखान्यासमोर उभी करून तो तिच्यात पेशंट बसवणार आहे. काकांनी ज्या सीटवर कधी कुणाला ओल्या छत्रीसकट बसू दिलं नाही, तिथे सुजल्या गालांची माणसं नंबर लागायची वाट बघणार! मागच्या आठवड्यात तर तो टेप घेऊन मोजायलाच आला. मी गाडीखाली होतो. त्याने टेप लावली, लांबीत माझे पायही धरले, आणि "जरा मोठी होतेय" असं पुटपुटत निघून गेला.

आता मूळ विषयाकडे वळतो, म्हणजे तुझ्या अनुवादाकडे. (रागावू नकोस, मध्ये मध्ये स्तुती आहे.) काकांच्या कपाटात गाडीचं दुरुस्तीचं पुस्तक निघालं, तीनशे पानी, सगळं जर्मनमध्ये. तू कॉलेजात तेहेतीस वर्षं जर्मन शिकवलेलं, तेव्हा आपण होऊन म्हणालीस की मी मराठी करून देते. तीन वह्या आल्या. काय अक्षर, काय समास, प्रत्येक पानाला सुबक समासरेषा! अडचण एवढीच झाली की तुला मूळ लेखक आवडला नाही. पहिल्याच पानावर तुझी टीप आहे: "लेखकाची भाषा उद्धट असून तो सतत आज्ञा करतो. अनुवादात शक्य तितके सौजन्य आणले आहे." ते तू इतकं आणलंस की कोणती गोष्ट करायलाच हवी आणि कोणती मनात आलं तर, हे मला कळेनासं झालं. "सवड असल्यास हँडब्रेक ओढून ठेवावा." मला त्या दिवशी सवड नव्हती. गाडी आमच्या फाटकातून निघाली, तिने शांतपणे रस्ता ओलांडला आणि समोरच्यांच्या गुलाबांत जाऊन थांबली. मग आलं, "गाडी वर उचलल्यास खाली ठोकळे लावणे इष्ट." इष्ट! नंतर मूळ पुस्तकात बघितलं तर त्या वाक्याभोवती लाल चौकट आहे आणि पुढे तीन उद्गारचिन्हं. तू चौकट काढलीस, उद्गारचिन्हंही काढलीस, कारण उद्गारचिन्ह म्हणजे लेखकाचा आरडाओरडा, असं तुझं ठाम मत. जॅक सरकला आणि गाडी अतिशय सौजन्याने खाली आली. मी तेव्हा चहाला उठलो होतो म्हणून आज हे पत्र लिहितोय. माझ्या चपला उठल्या नव्हत्या.

सौजन्याचं एक वेळ सोड, पण गाळलेल्याचं काय? पुढच्या चाकांचे ब्रेक उघडायचे होते. तुझ्या वहीत उघडण्याच्या बावीस पायऱ्या आहेत आणि त्या इतक्या ओघवत्या आहेत की मी एका बैठकीत सगळं सोडवून मोकळा झालो. पान उलटलं तर कंसात एकच ओळ: "यापुढे लेखक हेच सर्व उलट क्रमाने पुन्हा सांगतो, पुनरुक्ती टाळण्यासाठी गाळले आहे." मावशी, ती पुनरुक्ती म्हणजे ब्रेक परत जोडणं होतं! तीन आठवडे ते आमच्या बैठकीच्या खोलीत होते. स्प्रिंगा, वॉशर, आणि ज्याचं नाव मला अजून ठाऊक नाही असं एक वाकडं पातं, सगळं अंड्यांच्या ट्रेमध्ये नंबर घालून मांडलेलं. अंडी कुठे गेली म्हणून तुझ्या सुनेने घरभर शोध घेतला, तर ती माझ्या हेल्मेटमध्ये निघाली. तिने एकदाच विचारलं, "लोक आले तर त्यांना सांगायचं काय?" आणि उत्तराची वाट न बघता ती स्वतःच रोज लोकांकडे जाऊन बसू लागली. शेवटी मी तुझ्या बावीस पायऱ्या खालून वर वाचल्या. "सैल करावा" आलं की घट्ट केला, "अलगद बाजूला ठेवावे" आलं की अलगद परत बसवलं. ब्रेक लागले, आणि फार छान लागले, हे मुद्दाम तुझ्या कानावर घालतो.

याच ब्रेकच्या दिवसांत मी तुला भोळेपणाने फोनवर विचारलं होतं, की मावशी, आणखी कुठे काही गाळलंयस का? त्यावर तू म्हणालीस, "मी गाळते तेव्हा ते गाळण्यासारखंच असतं," आणि तिथून हा अबोला. मी सगळ्यांना हे असंच सांगत होतो. पण खरं सांगायचं तर माझ्या प्रश्नानंतर मी आणखी एक वाक्य बोललो होतो, की भाषा शिकवणाऱ्यांना यंत्रातलं काय कळतं. ते वाक्य सांगताना मी दर वेळी गाळलं. चूक माझी होती आणि ती फार वाईट होती. रोज संध्याकाळी तुला फोन करून दिवसभराची फजिती सांगायची मला वर्षानुवर्षांची सवय. आता फजिती नेमाने होते पण सांगायला कुणी नाही, त्यामुळे ती अर्धवट झाल्यासारखी वाटते. मला करमत नाही, मावशी.

असो. ब्रेकनंतर डिझेलचा फिल्टर बदलला. तो बदलला की नळ्यांत हवा अडकते आणि ती हातपंपाने बाहेर काढावी लागते. तुझ्या वहीत लिहिलंय, "पंप दाबावा." मी दाबला. एकदा. इंजिन सुरू होईना. दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा दाबला, मनापासून दाबला. बॅटरी उतरली, आणि धक्का मारायला बोलावतोय की काय या भीतीने शेजारी मला बघून रस्ता बदलू लागले. शेवटी परवा डिझेलच्या मिस्त्रीला आणलं. हा गृहस्थ शिवी दिल्याशिवाय पान्याला हात लावत नाही. त्याने विचारलं, पंप किती वेळा दाबला? मी सांगितलं. त्याने हातातला पाना खाली ठेवला. मूळ पुस्तक काढलं तर तोच शब्द एका ओळीत सात वेळा छापलेला, जर्मन न येणाऱ्या मलाही दिसला. त्यातले सहा तू शैलीदोष म्हणून उडवलेस! मिस्त्रीने पंप दीडशे वेळा दाबला, बुडबुडे निघून गेले, बॅटरी चार्जिंगला लावली. मग हात पुसून त्याने तुझी वही मागितली आणि उपड्या बादलीवर बसून तासभर वाचली. "नटबोल्टशी एवढ्या अदबीने बोलणारं माणूस मी पाहिलं नाही," म्हणाला, आणि पहिली वही घरी घेऊन गेला. काल त्याचा फोन आला, की सवड असल्यास माझा सतरा नंबरचा पाना परत करावा. मावशी, हा माणूस बदललाय. यंत्रातलं मला कळतं असं मी यापुढे कधी म्हणणार नाही, आणि भाषेने काय होतं असंही म्हणणार नाही.

तर आज सकाळी आठ वीसला गाडी सुरू झाली. आधी एक खोकला, मग दुसरा, मग पांढऱ्या धुराचा एवढा लोट की समोरचे गुलाब दिसेनात. तुझ्या सुनेने टाळ्या वाजवल्या आणि लगेच खिडक्या लावून घेतल्या. मुदत पाळली जाईल, तेव्हा दातवाल्याला टेप गुंडाळून ठेवायला सांग. आता आपल्यात वडीलधारी तूच उरलीस, तेव्हा मोठ्यांचे सगळे नमस्कार एकटीने घे. घरात लहान मूल मीच आहे असं तुझी सून म्हणते, तेव्हा लहानांचे आशीर्वाद सगळे माझे.

तुझा भाचा

ता. क. एक बारीकसं काम होतं. तिसऱ्या वहीच्या शेवटी तू लिहिलंयस: "इंजिन बंद करण्याविषयीचे प्रकरण गाळले आहे. किल्ली काढली की इंजिन बंद होते हे वाचकाला सांगणे म्हणजे त्याचा अपमान होय." वाचकाची तक्रार नाही. पण किल्ली माझ्या खिशात आहे आणि इंजिन चालू आहे. या जातीच्या गाडीत म्हणे एक रबरी नळी असते, ती किल्लीचा निरोप इंजिनाला पोचवते, आणि ती फाटली असेल तर निरोप पोचत नाही. तेवढं प्रकरण वाचून काय करायचं ते कळव. अपमान मी सोसेन.

पुन्हा ता. क. हे पत्र मी गाडीत बसून, स्टिअरिंगवर वही टेकवून लिहिलंय. अक्षर हललंय ते त्यामुळे. गाडी पावणेदहापासून तुझ्याच फाटकाशी उभी आहे. पत्र घेऊन तुझी सून वर आली आहे, तिला बसायला सांग. ती माझी वकिली करायला आलेली नाही, आत धूर येतो म्हणून आलीय. दातवालाही पलीकडे कानांत बोटं घालून उभा आहे. (पेशंटना हा आवाज सोसणार नाही, असं तो दोनदा म्हणाला. त्याच्या ड्रिलचा सोसतो.) गाडी कोपऱ्यावरून वळली आणि चार वर्षांनी हा आवाज तुझ्या गल्लीत आला, तेव्हा तुझा पडदा हलला. मी बघितलं.

अगदी शेवटचा ता. क. खोटं कशाला बोलू? ते प्रकरण मला नकोय. बॉनेटखाली एक छोटा दांडा असतो, तो बोटाने ढकलला की इंजिन गप्प होतं, हे मिस्त्रीने परवाच दाखवलंय. पण गाडी बंद केली तर "गाडी वेळेत आली" एवढाच निरोप तू सुनेबरोबर धाडशील, पडदा सारखा करशील आणि अबोला चालू ठेवशील. चालू राहिली तर शेजारी ओरडतील आणि तुला खाली यावंच लागेल. गाडी हवी तर दातवाल्याला दे, किल्ली मी आत्ता त्याच्या हातात ठेवतो. मला तू बोलायला हवी आहेस. शिव्या द्यायला जरी खाली आलीस तरी मी ते बोलणंच धरीन. फक्त जरा मोठ्याने दे, या आवाजात इथे काही ऐकू येत नाही.