दादाची दाढ

वणी, ४ फेब्रुवारी २०२४

चि. इंदूस दादाचे मनभर आशीर्वाद.

फोनवर तुले काही ऐकू येत नाही, अन् मी वर्कशॉपातून ओरडलो का ट्रकवाले हसतात. म्हणून लिहून राह्यलो. डावीकडची खालची दाढ हालते. पंधरा दिवसांपासून भाकर उजवीकडूनच चावतो. सलोनीनं हात धरून दातांच्या डॉक्टरकडे नेलं. त्यायनं तंबाखू-सुपारीचा खर्रा किती वर्षांपासून खाता ते विचारलं, अन् आधी जबड्याचा फोटो काढा म्हटलं. फोटोचे चारशे, अन् पुढं दाढ वाचवाची असंन तं आठ-नऊ हजार. मी उद्या येतो म्हणून उठून आलो. वेल्डिंगची मशीन बंद पडली आहे, तिले पाहू का दाढेले? पोरगी दोन दिवसांपासून माह्याशी बोलत नाही. बिनआईचं लेकरू, माह्यावर आईसारखं रागावते. तूच तिले समजव.

तुह्या गुडघ्याचं कळवजो.

तुहा दादा, नानाजी


नेर, १२ फेब्रुवारी २०२४

तीर्थरूप दादास इंदूचा वाकून नमस्कार.

एका दाढेचे नऊ हजार! तेवढ्यात बकरी येते रे, अन् ते दूध तरी देते. तू उठून आला ते चांगलं केलं. माह्या तीन दाढा इथल्या बाजारात बसणाऱ्या दातवाल्यानं काढल्या, दोनशे-दोनशे रुपयांत. एक झटका, अन् कापसाचा बोळा दाबून चालत घरी. फोटो नाही अन् काही नाही. बाजाराच्या दिवशी सकाळच्या एस.टी.नं ये. दाढ काढून घे, माह्या हातचा कढी-भात खा, अन् सांजच्याले वापस जाजो. या निमित्तानं तुहं तोंड तरी दिसंन. दिवाळीपासून आला नाही.

सलोनीले म्हणजो, आत्यानं हसत सांगितलं, रागावून नाही.

वाट पाहणारी, इंदू


वणी, २० मे २०२४

चि. इंदूस आशीर्वाद.

तुह्याकडून आलो त्याले तीन महिने झाले. बाकी बरं आहे, पण दाढेची जागा भरूनच नाही राह्यली. भोकात जीभ गेली का खरखर लागते. लवंगाचं तेल लावलं, हळद दाबली, मिठाच्या पाण्यानं गुळण्या केल्या. आता कान ठणकते, अन् खालचा ओठ डावीकडून बधिर लागते. तोंड दोन बोटांच्या वर उघडत नाही. तुह्या जखमा किती दिवसांत भरल्या होत्या, ते लिहजो. खर्रा दिवसाचे दोनवर आणला आहे.

सलोनीले मी काही सांगितलं नाही. तूही लिहू नको, नाही तं पोरगी पुन्हा दवाखान्यात नेईल.

दादा


नागपूर, २ जुलै २०२४

प्रिय आत्या, नमस्कार.

बाबांच्या उशीवर रक्त दिसलं तेव्हा मला कळलं. आधी यवतमाळला नेलं, तिथे जखमेचा तुकडा तपासला आणि नागपूरला पाठवलं. जबड्याचा कॅन्सर आहे. डॉक्टर म्हणाले, दाढ हलत होती ती यानेच. तेव्हाच एक्स-रे काढला असता तर थोडक्यात निभावलं असतं. आता डावा जबडा काढावा लागेल. ऑपरेशन सरकारी योजनेत होईल, पैशांची काळजी करू नकोस.

डॉक्टरांनी तीनदा विचारलं, दाढ कोणी काढली, त्याला जखम दिसली नाही का? बाबा म्हणतात, आपोआप पडली. आपोआप पडलेली वाटत नाही असं डॉक्टर म्हणतात. फेब्रुवारीत ते तुझ्याकडे आले होते. तुला काही माहीत आहे का?

सलोनी


नेर, १८ ऑगस्ट २०२४

तीर्थरूप दादास नमस्कार.

तुहं ऑपरेशन झाल्याचं सलोनीनं दोन ओळींत कळवलं. तिले मी खरं लिहून पाठवलं होतं. बाजारात मीच नेलं, दोनशे रुपये मीच देले, त्या माणसानं तुह्या तोंडात धड पाह्यलंही नाही अन् मी बाजूले उभी राहून हसत होती. त्यानंतर पोरीचं मले पत्र नाही. ते बरोबरच आहे. तू काहून लपवलं, दादा? चार शिव्या देल्या असत्या तं मले झोप तरी आली असती.

नागपूरले यावं वाटते. पण तुह्यासमोर कोणतं तोंड घेऊन येऊ?

इंदू


वणी, ९ सप्टेंबर २०२४

चि. इंदूस.

आता बोलता येत नाही, तं पाटीवर लिहतो. तुह्यासाठी मात्र कागद घेतला.

चार दिवस तुह्यावर राग धरला, खोटं कायले लिहू. नळीतून पातळ पेज पोटात जाताना तुह्या कढी-भाताची आठवण येई, अन् अजूनच राग येई. मंग वाटलं, डॉक्टरच्या खुर्चीतून उठून मी गेलतो, तू नाही. चारशे रुपये माह्या खिशात होते. खर्रा माह्याच गालात होता, तीस वर्षं.

लपवलं ते पोरीसाठी. मी गेल्यावर तुले तिच्याशिवाय कोणी नाही, अन् तिले तुह्याशिवाय. ते तुटू नये म्हणून दाढ आपोआप पडली म्हटलं. तू खरं लिहून मोकळी झाली.

तुह्या खालच्या दोन दाढांतून पू येते, असं तू म्हणत होती. यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात दाखव. माह्यासाठी एवढं कर.

दादा


नेर, १३ डिसेंबर २०२४

चि. सलोनीस आत्याचे आशीर्वाद. घ्यावे वाटले तं घे.

दादाच्या तेरवीले तू माह्याकडे पाह्यलं नाही. मी पाणी मागितलं, तं ते दुसऱ्याच्या हातानं पाठवलं. मी प्यायली, अन् सांजच्या गाडीनं आली.

काल यवतमाळले गेलती, दादानं सांगितलं होतं म्हणून. पाच रुपयांची चिठ्ठी, दोन घंटे लाईन. डॉक्टरीण तुह्याच वयाची आहे. मले ऐकू येत नाही म्हटल्यावर तिनं कागदावर लिहून विचारलं, कुठं दुखते. खुर्ची मागं झुकली, दिवा तोंडावर आला, अन् मले रडू कोसळलं. तोंड उघडं ठेवून रडता येत नाही, पोरी. तिनं दिवा बाजूले केला अन् स्टूल ओढून बसली. मागं लाईन होती, तरी बसली. मी तिले दादाचं सगळं सांगितलं. बाजारात कोणी नेलं, तेही. तिनं माह्या पाठीवर हात ठेवला.

मंग फोटो काढला. दादासारखं वाईट काही नाही म्हणते. दोन्ही दाढा येत्या बुधवारी काढणार.

तुह्या रागाले मी नाही म्हणत नाही. तो माह्या हक्काचा आहे. पण माया सारीच काढून घेऊ नको.

बुधवारी सोबत घरचं माणूस आणा, असं तिनं कागदावर लिहून देलं. मी मान हालवली. कोणाले आणू, ते मले तिले सांगता नाही आलं.

तुही आत्या,
इंदू