माझ्या फुलदाणीत कुणाचा तरी हात

हिलेगोम, जूनमधला बुधवार

ती. हेंड्रिक्येताईस,

विबेचा नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? तीन वर्षांत विचारलं नाही, म्हणून दोन्हींचं एकदम विचारतो. मी ठणठणीत आहे, संशय सोडला तर.

मी तैलचित्र शिकतोय. हसू नकोस. आईच्या स्वयंपाकघरातलं ते फुलदाणीचं छापील चित्र घर रिकामं करताना गायब झालं. तू म्हणालीस मी नेलं, मी म्हणालो तू नेलंस, आणि तेव्हापासून आपण एकमेकांच्या घरची कॉफी प्यायलो नाही. शेवटी म्हटलं, आपणच काढावं. ग्रंथालयाच्या पुस्तकात तेच चित्र मिळालं (डावा खालचा कोपरा कुणीतरी फाडलाय, कुणी, ते मी लिहीत नाही). शिकवणाऱ्या ओडिलियाबाईंनी सहा आठवडे नुसता तपकिरी रंग फासायला लावला. मला वाटलं, बाईंकडे दुसरे रंगच नसावेत. मग फुलं आली आणि माझं डोकं फिरलं. चाळीस वर्षं ट्यूलिपचे कांदे लावले मी, मला कोण फसवणार? ट्यूलिप एप्रिलचं, गुलाब जूनचा, द्राक्षं त्याच्याही नंतरची, आणि सगळी एकाच वेळी ताजी! बाई म्हणाल्या, तो जुना चित्रकार जे फूल उमलेल ते काढायचा आणि पुढच्यासाठी थांबायचा. पटलं नाही, पण धोका नको म्हणून मीही गुलाबाची जागा जूनपर्यंत कोरी ठेवली.

खरी भानगड पुढेच. तैलरंग लवकर वाळत नाही, म्हणून चित्र वर्गातच ठेवावं लागतं (मागे माझं नाव मोठ्या अक्षरांत लिहिलंय, लोकांचा भरवसा नाही). एका बुधवारी पाहतो तर पानावर गोगलगाय. पुस्तकात होती, पण मी अजून काढली नव्हती. पुढच्या बुधवारी ट्यूलिपवर माशी. संशय अर्थातच वर्गात शेजारी बसणाऱ्या त्येर्दवर. निवृत्त दंतवैद्य, आयुष्यभर दुसऱ्यांच्या तोंडात हात घातलेला माणूस. मी त्याचे ब्रश हुंगले, चित्रावरच्या फडक्यावर केस ठेवून पाहिला, आणि कॉफीच्या सुट्टीत, बिस्किटाचा डबा एकदा फिरून झाकण बसल्यावर, सगळ्यांदेखत विचारलं. तो एवढंच म्हणाला, “विबे, मला माझी द्राक्षं जमेनात, तुझी गोगलगाय कुठून काढू?” आता तो माझ्यापुढे डबा करत नाही.

आज गुलाबाच्या खालच्या पाकळीवर तपकिरी डाग होता, सशाच्या कानासारखा. गुलाब मी गेल्याच बुधवारी काढलेला. बाई म्हणाल्या, पुस्तकात हा डाग नाही, पुसून टाका. मी पुसू दिला नाही. स्टुल ओढून पाकळीसमोर बसलो. आईच्या चित्रावर नेमका इथेच कॉफीचा डाग होता, आणि तो आता जगात आपल्या दोघांनाच माहीत आहे. उठून दारावरची, याच खोलीत मंगळवारी भरणाऱ्या वर्गाची यादी वाचली. सहावी सही तुझी.

इतका हुबेहूब डाग आठवणीतून येत नाही. म्हणजे चित्र तुझ्याकडेच आहे. मी म्हणत होतोच.

तुझा धाकटा,
विबे

ता. क. त्या फाटक्या कोपऱ्यात काय होतं, मला आठवत नाही. चित्र घेऊन बुधवारी ये. ठेवून घेणार नाही. शेजारची खुर्ची रिकामी आहे, त्येर्द खिडकीपाशी जाऊन बसला.

ता. क. २. तो कप मी सांडला होता. आईची बोलणी तू खाल्लीस, दोन रविवार तुला केक मिळाला नाही, आणि तुझा वाटा मी खाल्ला. आईला सांगायचं राहून गेलं गं.

ता. क. ३. येताना काही आणू नकोस. केक मी आणतो. दोन तुकडे तुझे.