नेजबीची लढाई, पुढची खोली

नॉटिंगहॅम
१२ फेब्रुवारी १९८४

चि. सौ. डोरीनला,

थोरल्या जावेचा आशीर्वाद. पोचेपर्यंत शिळा होईल, तरी घे. वि. वि. असे की, होरेस परवा जिन्यावरून पडला. हाड मोडलं नाही. वरच्या पायरीवर घसरला आणि उरलेला जिना बसूनच उतरला. खाली आल्यावर पहिला प्रश्न काय, तर टेबल हललं का. मी म्हटलं टेबल धडधाकट आहे, तू आपलं बघ.

डॉक्टर म्हणाले, हा जिना आता बंद. मग कौन्सिलची बाई येऊन गेली. म्हाताऱ्यांसाठी बांधलेल्या घरांपैकी तळमजल्यावरचं एक रिकामं होतंय. दोन खोल्या, न्हाणीघरात धरायला दांडा, खिडकीबाहेर बाक. मार्चअखेर हो म्हणायचं, नाहीतर दुसऱ्या कोणाला जाईल. मला ती जागा हवी आहे, डोरीन. पुढच्या खेपेला हा बसूनच उतरेल असं काही नाही. पण होरेस म्हणतो, लढाई संपल्याशिवाय मी हे घर सोडणार नाही.

कोणती लढाई हे तुला सांगायला नको, पण सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. ऑगस्टपासून माझ्या पुढच्या खोलीत दोघा भावांच्या खेळातली नेजबीची लढाई मांडलेली आहे. पिंगपाँगचं टेबल, त्यावर माझा हिरवा पडदा, पडद्याखाली पुस्तकं सरकवून केलेल्या टेकड्या, माझ्या भांड्यांच्या घासण्या रंगवून केलेली कुंपणं. वर अंगठ्याएवढी शिशाची माणसं, आमच्या लग्नाला आली होती त्याच्या दहापट. राजाची फौज आमची, पार्लमेंटची तुमची. खरा राजा तिथे तीनशे वर्षांपूर्वी एकदाच हरला. होरेसच्या हातून तो दरवर्षी हरतो. गेल्या ऑगस्टात मात्र जिंकायला आला होता. सिरिल भावजींची ती लाल डगल्यातली भालाइतांची तुकडी फोडायला सहा हवे होते. सहा पडले, पण फासा कुंपणाला टेकून तिरका राहिला. भावजी म्हणाले टेकलेला फासा मोजत नाहीत, पुन्हा टाक. होरेस म्हणाला टेकला नाही, जरा रेललाय. पुढे सत्तरी गाठलेले दोन भाऊ एकमेकांना काय काय म्हणाले ते तू स्वयंपाकघरातून ऐकलंच आहेस. भावजी टोपी घालून निघून गेले आणि त्यांची फौज इथे राहिली, ती अजून आहे.

तेव्हा त्यांना पाठव. एक दिवस पुरे. लोभ वाढवू नकोस, आहे तेवढा टिकव.

तुझी,
विनी


स्केगनेस
१९ फेब्रुवारी १९८४

ती. सौ. विनीबाईंस,

धाकट्या जावेचा वाकून नमस्कार, कंबर वाकू देते तेवढा. वि. वि. होरेसदादा पडल्याचं वाचून जीव खाली-वर झाला. ह्यांना सांगितलं तेव्हा ह्यांनी कप खाली ठेवला. कोणत्या बाजूवर पडला, चालतो का, जेवतो का, सगळं विचारलं. मला वाटलं, आता बॅग काढतील. तर म्हणाले, फासा टेकला होता असं त्याने कबूल करावं, मी त्याच दिवशी येतो.

मी म्हटलं, अहो भाऊ पडलाय तुमचा. त्यावर म्हणतात, तेच तर. तो कठड्याला टेकून उभा राहिला असता तर पडलो म्हणाला असता का? मग फासा तरी कसा पडला?

काय बोलावं अशा माणसाशी. पण विनीबाई, हे इथे सुखात नाहीत. ताटात वाटाणे वाढले की त्यांचं घोडदळ करून चमच्याने उजव्या बाजूला सरकवतात आणि उसासा टाकतात. जेवण गार होतं. तुम्हीच ते टेबल गपचूप आवरून टाकलंत तर नाही का चालणार?

दादांना सांभाळा. माझ्यावरचा राग ह्यांच्यावर काढा, पण लोभ माझ्या नावाने राहू दे.

तुमची,
डोरीन


नॉटिंगहॅम
२६ फेब्रुवारी १९८४

चि. सौ. डोरीनला,

आशीर्वाद, आणि वर थोडी अक्कल. वि. वि. आवरायला गेले होते. खोका घेऊन आत पाऊल टाकलं तर होरेस काठी आडवी धरून दारात. म्हणे दुसऱ्याच्या माणसांना हात लावायचा नसतो, ही रीत आहे. मी म्हटलं, दुसऱ्याच्या कुठल्या, तुझ्या भावाच्या. तर म्हणे, मग तर मुळीच नाही. दर रविवारी तो मऊ कुंचल्याने आपल्या माणसांवरची धूळ काढतो आणि भावजींच्या फौजेला शिवत नाही. राजाचे सरदार चकचकतात आणि पार्लमेंट पिठाच्या गिरणीतून आल्यासारखं दिसतं. परवा मात्र मी दारातून पाहिलं, वाकून त्या लाल डगलेवाल्यांवर हळूच फुंकर घालत होता. हात लावला नाही. फुंकर रीतीत बसते म्हणे.

तर ऐक. नात हेदर आली होती. तिच्याकडून ते नियमांचं पुस्तक वाचून घेतलं, अक्षर मुंगीएवढं आहे. त्यात लिहिलंय की भांडण झालं तर पंच नेमावा आणि पंचाचा शब्द अखेरचा. मी म्हटलं, मी होते पंच. होरेसने लगेच मान डोलावली. बायकोच पंच म्हटल्यावर राजा जिंकलाच, असा त्याचा हिशेब. आता भावजींना विचार. मला वाटत नाही ते ऐकतील.

गुडघ्यांना तेल लाव. लोभ आहे, तो बोलून दाखवायची मला सवय नाही.

विनी


स्केगनेस
४ मार्च १९८४

ती. सौ. विनीबाईंस,

सा. न. वि. वि. विचारलं, आणि हे एका क्षणात तयार झाले. मलाच खरं वाटेना. का म्हणून विचारलं तर म्हणाले, वहिनीसारखा पंच मिळायचा नाही, लग्न झाल्यापासून तिने होरेसची बाजू एकदाही घेतलेली नाही.

निकाल काय द्याल तो द्या, पण मला मधे घालू नका. माया असू द्या.

तुमची,
डोरीन


नॉटिंगहॅम
१० मार्च १९८४

चि. सौ. डोरीनला,

आशीर्वाद. वि. वि. हे पत्र भावजींना मोठ्याने वाचून दाखव, आणि मधे बोलले तर पहिल्यापासून वाच.

काल चहा घेऊन त्या टेबलाशी बसले. होरेसला विचारलं, लढाई किती वाजता सुरू झाली? म्हणाला, पुस्तकाप्रमाणे सकाळी दहाला. मी विचारलं, आणि माझ्या खोलीत कधी सुरू झाली? मीच सांगितलं, ऑगस्टात. तेव्हापासून ही माणसं उभी आहेत. कोणी जेवलेलं नाही, घोड्यांनी पाणी प्यायलेलं नाही. इतक्या वेळात नेजबीत सूर्य मावळला असणारच. तेव्हा पंचाचा निकाल असा की रात्र झालेली आहे. काळोखात फासा सरळ पडला की तिरका, हे कोणालाच दिसत नाही. लढाई इथे थांबली. जिंकलं कोणी नाही.

दोन्ही सेनापतींनी आपापली माणसं आपल्या हाताने उचलून न्यायची आहेत. शनिवारी दुपारपर्यंत जो येणार नाही त्याची माणसं फौज सोडून पळाली असं धरलं जाईल आणि चॅपलच्या जुन्या सामानाच्या विक्रीत जातील, शेजारच्या एथेलने दिलेल्या त्या फुलदाण्यांबरोबर.

होरेस म्हणाला, असा नियम पुस्तकात नाही. मी म्हटलं, पंचाचा शब्द अखेरचा, हा आहे. हेदरकडून दोनदा वाचून घेतलाय.

चिडू नकोस. चिडलीस तरी ये.

विनी, पंच


नॉटिंगहॅम
१८ मार्च १९८४

चि. सौ. डोरीनला,

आशीर्वाद. गुडघ्याचं निमित्त करून आली नाहीस, काय हुकलं ते आता वाच.

भावजी शनिवारी वेळेच्या आधीच आले. बुटांचे खोके, आत कापूस. दोघांनी एकमेकांना रामराम केला नाही. सगळं माझ्यामार्फत. भावजींनी मला विचारलं, वहिनी, त्याचा पाय कसा आहे? होरेस हातभरावर उभा. तोही मलाच म्हणाला, सांग त्याला, पाय आहे जागच्या जागी. मी म्हटलं तोंडं तुमची, मी का झिजवू, आणि वाटाणे शिजवायला गेले.

बाहेर आले तर भावजींनी होरेससाठी स्टूल आणून ठेवलं होतं आणि होरेस त्यावर बसलाही होता. दोघे मुकाट्याने माणसं उचलत होते. मग भावजी एक घोडा हातात धरून त्या घोड्याला म्हणाले, राजाने डावीकडचे घोडेस्वार आधी सोडले असते तर आम्ही मेलोच होतो. होरेस टेकडीला म्हणाला, सोडणार होतो, चिखल होता. भावजी म्हणाले, चिखल कुठला, खरी नेजबी जूनमध्ये झाली. झालं. माझी शिवणाची टेप निघाली, उचललेली माणसं पुन्हा मांडली गेली, दोघे टेबलावर असे ओणवे की पाठ कोणाची कोणती ते कळेना. असं केलं असतं तर, तसं केलं असतं तर. वाटाण्यांवर पुदिन्याची चटणी वाळली. चहा मी दोनदा ओतून दिला. होरेसचा असा चेहरा मी फक्त त्या टेबलाशी पाहिलाय. लग्नाच्या फोटोत तो दात दुखत असल्यासारखा उभा आहे.

दिवस कलला तेव्हा सगळं भरून झालं. पडद्यावर फक्त ती लाल डगल्यातली तुकडी उभी. मी म्हटलं, भावजी, तुमचे राहिले. ते कोटाची बटणं लावत होते. बटणाकडे बघत म्हणाले, ते आता माझे नाहीत, ऑगस्टात फुटले ते, फुटलेले कोणी घरी नेत नाही.

मी होरेसकडे पाहिलं. आता हा नाचणार. इतक्या वर्षांनी राजा जिंकला, आणि तोही शत्रूच्या तोंडून. तर हा नाक चोळत म्हणतो, टेकला होता तसा तो. भावजी म्हणाले, फार नाही. हा म्हणाला, फार नाही, पण टेकला होता. आणि भावजी निघाले.

संध्याकाळी होरेसने कौन्सिलच्या कागदावर सही केली. मग कुंचला घेऊन बसला आणि त्या लाल डगलेवाल्यांची एकेकाची धूळ काढली. मी म्हटलं, दुसऱ्याच्या माणसांना हात लावायचा नसतो ना? म्हणाला, हे युद्धकैदी आहेत.

भावजी घरी येऊन काय बोलले ते कळव, आणि लोभाचं तुझं तू बघ.

विनी


स्केगनेस
८ एप्रिल १९८४

ती. सौ. विनीबाईंस,

सा. न. वि. वि. नव्या जागेत स्थिरस्थावर झालात हे वाचून बरं वाटलं. घरी येऊन हे काही बोलले नाहीत, पण दोन वेळचं एकदम जेवले. वाटाण्यांसकट.

आता माझं ऐका. तुमच्या नव्या जागेत ते टेबल मावणार नाही हे ह्यांच्या लक्षात आलंय. काल मी बाजारातून आले तर माझं कपाट बोळात, आणि पुढच्या खोलीत हे टेप घेऊन. म्हणतात मे महिन्यात नेजबी इथे मांडू, पहिल्यापासून. मी हरकत घेतली नाही. कपाट हलवून झाल्यावर हरकत कसली घ्यायची.

आणि एक. ह्यांना या खेपेला राजाची फौज हवी आहे. जिंकून जिंकून कंटाळा आला म्हणतात. विनीबाई, कंटाळा-बिंटाळा काही नाही. दादांनी पाय दुखत असताना स्टुलावरून उठून ह्यांचे खोके दारापर्यंत आणून दिले, तेव्हापासून हे असे झालेत. दादांना हे सांगू नका, फक्त राजाचं विचारा.

पदरात घ्या, तुमचीच आहे.

डोरीन


नॉटिंगहॅम
१५ एप्रिल १९८४

चि. सौ. डोरीनला,

आशीर्वाद, मोठ्या मनाने. वि. वि. जागा चांगली आहे. दांडा मजबूत आहे. बाकावर कबुतरं बसतात, त्यांची मी सोय करते आहे. मला इथे पुढची खोली आहे आणि तिच्यात बसायला जागा आहे. तुझ्या पुढच्या खोलीबद्दल मला फार वाईट वाटतं, असं समज.

बारा मेच्या शनिवारी येतो. कैदी बरोबर आणतो, तलम कागदात गुंडाळलेत.

राजाचं होरेसला विचारलं. त्याने चमचा खाली ठेवला. मग म्हणाला, सिरिलला सांग, आभारी आहे, पण राजा माझा आहे. त्याला हरवायचं तर मी हरवीन. सिरिलला ते जमायचं नाही.

तुझी,
विनी