बँडच्या चालीनं चालणारी गाडी

बाबा, तुमची गाडी मी विकत घेतली. अंगणातल्या कडुनिंबाखाली खाटेवर बसून, मोबाइलवर बोली लावून, ऑनलाइन लिलावात घेतली. आता ती शेडमध्ये उभी आहे आणि मी तिच्यासमोर बसून हे लिहिते आहे. तुम्हाला जाऊन इतका काळ लोटला की वयानं मी आज तुमच्यापेक्षा मोठी आहे, शाळेतून निवृत्तसुद्धा झाले, आणि तरी तिच्याकडे पाहिलं की माझा जळफळाट होतो. आई तिला सवत म्हणायची. ते एक वेळ समजू शकतं, बायको म्हणणारच. पण पोरीनं एका गाडीवर जळावं, ह्याला काय म्हणायचं? मी जळत होते, बाबा. शाळेत होते तेव्हाही आणि लग्न होऊन सासरी गेले तेव्हाही. तुमचं जे जे माझ्या वाट्याला आलं नाही ते सगळं त्या गाडीला मिळालं, असं मला वाटत आलं आहे.

लिलावाच्या जाहिरातीत लिहिलं होतं, 'विदेशी बनावटीची जुनी स्पोर्ट्स कार, मॉडिफाइड.' ते वाचून मला हसूही आलं आणि रागही. तुम्हीच बघा ना, जगभरातले लोक गाडी जोरात पळावी म्हणून तिच्यात फेरफार करतात. तुम्ही ती हळू चालावी म्हणून केले! कुण्या मोठ्या शेतकऱ्याच्या पोरानं हौसेनं मुंबईहून आणलेली ती दोन सीटची, लांब नाकाची गाडी वाशीम रोडवरच्या तुमच्या गॅरेजसमोर बंद पडली, आणि ते पोरगं तिला न्यायला काही परत आलं नाही. पुढं त्याच्या बापानंच सांगितलं, 'ठेवा तुमीच, आमाले नाई पायजे थे भंगार.' तुम्ही तिच्यात जीपचं डिझेल इंजिन बसवलं. माणसाच्या पावलानं चालेल असा गिअर करून घेतला. मे महिन्याच्या उन्हात बँडच्या मागं तासभर रांगली तरी तापू नये म्हणून आणखी एक पंखा लावला. मागची डिक्की कापून तिथं उंच सीट केली, लाल रेक्झिनची, आणि सीटच्या मागं छत्री खोचायला पाइप. झाली नवरदेवाची गाडी. ज्या गावात आपल्या समाजाच्या नवरदेवाला कुणी घोडी देत नव्हतं त्या गावात तुमची गाडी जायची, आणि तुम्ही तिला मोठ्या लोकांच्या दारावरून सावकाश, अगदी सावकाश काढायचे. मेडशीच्या तरण्या पोरांनी तर तुमची गाडी मिळावी म्हणून लग्नाची तारीख पुढं ढकललेली मला माहीत आहे.

आणि घरात? घरात तुम्ही म्हणजे मुका बैल. चुलीपाशी पाट मांडलेला असायचा, तुम्ही राखेनं हात घासून यायचे, भाकर-बेसन खायचे, 'मीठ कमी हाये' एवढं म्हणायचे आणि उठायचे. आई तव्यावरून नजर न काढता म्हणायची, 'जा, सवत वाट पाहून राह्यली तिकडं.' तुम्ही खरंच तिच्याकडेच जायचे. तिला धुताना मी तुमचं बोलणं ऐकलं आहे. 'चाल माय, चाल माही बाई,' असं म्हणत तुम्ही तिच्या बॉनेटवरून फडकं फिरवायचे. माही बाई! मला कधी म्हटलं होतं का तुम्ही असं? मी एकदा त्या लाल सीटवर चढून बसले होते, परकर पसरून, राणीसारखी. तुम्ही आलात आणि एवढंच म्हणालात, 'उतर खाली. थे नवरदेवाची जागा हाये.' मारलं नाही, ओरडलाही नाहीत. पण मी उतरले, आणि त्या दिवसापासून तालुक्यातला एकूण एक नवरदेव माझा वैरी झाला. फुलांचे हार मात्र मीच बांधायचे. तुम्हीच सांगायचे, हिच्या हातची गाठ सुटत नाही म्हणून. तुमच्या तोंडून तेवढंच काय ते माझं कौतुक.

माझ्या लग्नाची गोष्ट तर आपलं अख्खं मालेगाव अजून हसून सांगतं. इंझोरीच्या माझ्या सासऱ्यांनी पोरासाठी मुलगी बघायच्या आधीच तुमची गाडी सांगून ठेवली होती. आधी गाडी, मग नवरी! पुढं नवरी निघाली ती गाडीवाल्याचीच पोरगी. सगळ्यांना वाटलं, आता तुम्ही दुसरा कुणी ड्रायव्हर द्याल. पोरीच्या बापानं मांडवात उभं राहून पाहुण्यांचं स्वागत करायचं असतं, हे काय सांगायला पाहिजे? आई तर कमरेला पदर खोचून तुमच्यापुढं उभी राहिली. 'तुमी पोरीचे बाप हा का वरातीचे डायवर?' तुम्ही म्हणालात, 'शबद देल्ला हाये. अन् थे गाडी दुसऱ्याच्या हातानं चालत नाई.' आणि पहाटेच इंझोरीला निघून गेलात. मांडवात तुमच्या जागी मोठे काका उभे राहिले. मी आपल्या रिवाजाचं पांढरं लुगडं नेसून खिडकीत उभी होते. बँड गल्लीत वळला, मागं गाडी आली. वर छत्रीखाली आमचे हे, आणि खाली स्टिअरिंगवर माझा बाप, वरपक्षाकडून! मी म्हटलं, आता तरी वर पाहतील. तुम्ही उतरलात, बॉनेट उघडलं आणि रेडिएटरमध्ये पाणी ओतायला लागलात. तेव्हा मला वाटलं होतं, त्या गाडीला काडी लावावी.

तुम्ही गेलात तशी आईनं ती विकून टाकली. कुणाला विचारलं नाही. 'नवरा गेल्यावर सवतीले कोन पोसते?' म्हणाली. नागपूरकडच्या कुण्या हॉटेलवाल्यानं ती शोभेसाठी दारात उभी केली असं नंतर कानावर आलं होतं. मग आईही गेली. मलाही वाटलं, सुटले. आणि ह्या वर्षी उन्हाळ्यात आमच्या जुन्या शिक्षकांच्या मोबाइलवरच्या ग्रुपमध्ये कुणीतरी फोटो टाकला, 'बघा, काय काय विकायला निघते!' फोटोत लाल रेक्झिन फाटलं होतं, रंग उडाला होता, पण छत्रीचा पाइप तसाच ताठ उभा होता. ती अशी अनोळखी लोकांच्या मोबाइलमध्ये उघडी पडावी, कुणीही बोट फिरवून तिला मोठी करून पाहावं, हे मला सहनच झालं नाही. मी ह्यांना म्हटलं, मला ही पाहिजे. माझ्या पेन्शनच्या पैशातून घेते. हे पेपर वाचत होते. पेपर खाली न करताच म्हणाले, 'घे.' माझा एवढा शहाणा नवरा, बी-बियाण्याच्या पिशवीलासुद्धा चार दुकानं फिरणारा, एका शब्दात 'घे' म्हणाला. मला नवल वाटलं, पण मी घाईत होते.

आता माझी फजिती ऐका. लिलावाच्या त्या पानावर गाडीच्या फोटोखाली लोकांनी काही लिहायची सोय होती. मी आपली बाजारातली अक्कल लावली. आपल्याकडं गाय घ्यायची तर आधी तिला नावं ठेवायची, शिंगं वाकडी, कास लहान, म्हणजे धनी भाव उतरवतो. मीही लिहिलं, 'ही गाडी मला माहीत आहे. इंजिन जीपचं आहे, पळत नाही, बँडच्या मागं चालायची, खेड्यापाड्यातल्या लग्नाची गाडी आहे, डिक्की कापून मिस्त्रीनं सीट बसवली आहे, काही कामाची नाही.' झालं! तोवर गाडीकडं कुणी ढुंकून पाहत नव्हतं. माझं वाचून लोकांचा पूर आला. 'वा, ह्या गाडीला तर गोष्ट आहे!' 'सीटचे आणखी फोटो टाका!' बोली चढायला लागली. ह्यांनी कपाळावर हात मारला. 'कर आणखीन बडबड! तोंडानं भाव उतरवाले गेली अन् चढवून बसली.' एक पुण्याचा कुणी होता, त्यानं लिहिलं, 'कुण्या अडाण्यानं ह्या सुंदर गाडीची वाट लावली आहे. मी घेतली तर ते मागचं सिंहासन उपटून भंगारात देईन आणि तिला मूळ रूपात आणीन.' तो माणूस शेवटपर्यंत हटला नाही. मुडदा बसो त्याचा! तुम्ही जिच्याशी बोलायचे, तिला हा नवा मालक मिळणार, आणि ज्या सीटवरून तुम्ही मला उतरवलं ती हा भंगारात टाकणार? मी टाकली बोली. त्यानं टाकली. मी टाकली. शेवटच्या मिनिटाला कुणी आकडा वाढवला की वेळ पुन्हा दोन मिनिटं पुढं सरकायची, असं ते चाललं होतं. मग माझा अंगठा थांबला. नातवांचा विचार मनात आला. तेव्हा हे खाटेच्या कडेला येऊन बसले आणि मोबाइलकडे बघत म्हणाले, 'थांबू नोको. टाक.' मी टाकली. पुण्याचा गप्प झाला.

ट्रकवरून ती उतरली तेव्हा गल्ली जमली. आणि दुसऱ्या दिवसापासून तुमचे नवरदेव यायला लागले, बाबा. कुणाची दाढी पांढरी, कुणाच्या हातात काठी. मेडशीचा एक आला, सीटवर हात ठेवून उभाच राहिला. म्हणाला, 'बाई, गावातून निंगालो तवा मी लय भेलो होतो. तुमच्या बाबानं मले समोर आपल्या बाजूले बसवलं. म्हणे, बुवा, आज तुह्यासाठी बँड वाजून राह्यला, उद्या घरात भांडे वाजतीन. दोन्हीवर नाचता आलं पायजे.' दुसरा म्हणाला, 'मले म्हणे, बायको मायेरच्या आठवणीनं रडली त चूप करू नोको तिले. जवळ बसजो फक्त.' तिसऱ्याला तुम्ही सगळ्या वाटेत आईची गोष्ट सांगितली होती. आई रुसली की तुम्ही काय करायचे, ती कशी हसायची. मला माहीत नसलेली माझी आई त्या माणसाला माहीत होती! मी सगळ्यांना चहा पाजला, हसून बोलले, आणि आत जाऊन भांडी आपटली. म्हणजे तुम्हाला बोलता येत होतं. गावापासून मांडवापर्यंतच्या वाटेत तुम्ही ह्या परक्या पोरांना पोटातलं सगळं काढून देत होते, आणि आम्हाला काय, तर 'मीठ कमी हाये'.

मग मला सुचलं की एक नवरदेव अजून बोललाच नाही. तो तर माझ्याच घरात राहतो. इंझोरीहून मालेगावपर्यंत, केवढी ती वाट, आणि तुम्ही नि हे दोघंच समोर बसून आला होतात. इतक्या वर्षांच्या संसारात ह्यांनी त्याबद्दल चकार शब्द काढलेला नाही. मी विचारलं, तुम्हाला काय म्हणाले होते बाबा? 'काय म्हणतीन? काई नाई,' म्हणून हे उठून गाईकडं गेले. मी मागं गेले. मी म्हटलं, साऱ्या तालुक्याला सांगितलं, अन् जावयालाच नाही सांगितलं? माझ्याबद्दल काहीतरी म्हणालेच असतील, ते सांगा मला. आज सांगितल्याशिवाय मी भाकर टाकत नाही. हे गाईच्या पाठीवरून हात फिरवायला लागले.

मग म्हणाले, 'खरंच एक शबद नाई बोलले वो. इंझोरी सोडली तवापासून रडून राह्यले होते. मी घाबरलो, म्हटलं, मामाजी, गाडी थांबवता का? त मान हालवली अन् चालवतच राह्यले. मालेगाव दिसाले लागलं तवा एका हापशीपाशी थांबले, तोंड धुतलं, मले मांगच्या सीटवर बसवलं. छत्री खोचता खोचता म्हणे, तिले सांगजो नोको.'

मी घरात आले, भाकरी टाकल्या, ह्यांना वाढलं. हे जेवताना म्हणाले, 'आता त राग गेला ना बाबावरचा?' मी हो म्हटलं. तो गेलाच आहे, बाबा. ह्या कागदाची घडी मी माझ्या लुगड्यांच्या तळाशी घालणार आहे. ह्यांच्या हाती लागला तर हे मला आयुष्यभर चिडवतील. कारण खरं ते असं आहे की त्या दिवसापासून मी ह्यांच्यावर जळते आहे. माझ्यासाठी तुम्ही रडलात, ते ह्यांनी पाहिलं, आणि मी नाही.