बाबांचा डावा हात

मंगळवार, संध्याकाळ

गाडी आली एकदाची घरी. आनंद व्हायला हवा होता, पण जिवाला चैन नाही.

बाबांच्या जुन्या पांढऱ्या गाडीचं इंजिन पार जाम झालं होतं आणि पार्ट कुठंच मिळेनात. म्हणून नल्लकुंट्याच्या सलीमभाईंनी भंगारात निघालेल्या, तिच्याच पुढच्या मॉडेलचं इंजिन, गिअरबॉक्ससकट, हिच्यात बसवलं. बाबांसाठीच केलं ना सगळं?

आज त्यांच्या गॅरेजात बाबा ऐटीत स्टिअरिंगवर बसले. क्लच दाबला आणि डावा हात सवयीनं स्टिअरिंगच्या मागं गेला. तिथं गिअरचा दांडा नव्हता. नवा दांडा खाली, पायाजवळ. हात तसाच हवेत.

"आदत हो जाती साब," सलीमभाई म्हणाले.

कुठली आदत! पुढच्या चौकात मागून हॉर्नवर हॉर्न, आणि बाबांचा हात पुन्हा तिथंच, हवेत. गाडी कडेला घेऊन ते उतरले.

"मस्त झाली गाडी. आता तूच चालव."

चिडले असते तर बरं झालं असतं. दांडा खाली येणार हे मला माहीत होतं. मग त्यांचा हात कसा आठवला नाही मला?

बरकतपुऱ्यापर्यंत मी चालवली, बाबा शेजारच्या सीटवर. घरी आल्यावर मी उतरले, थांबले. ते आतच. वाकून पाहिलं, तर दार उघडायची कडी चाचपडत होते. स्वतःच्या गाडीत त्या बाजूला बाबा आजवर कधी बसलेच नव्हते.