शिट्टी वाजेना, त्याची हकीकत

तीर्थस्वरूप वन्संना,

वाकून नमस्कार. तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं ना? इकडे आम्ही सगळे खुशाल (तुमचे बंधुराज यात धरलेले नाहीत).

तुम्ही खडसावलंत म्हणून यांनी सिगारेट सोडली, हे अगदी खरं. पण तिच्या जागी व्हेप आलंय. पेनाएवढी नळी, तिला स्ट्रॉबेरीचा वास. म्हणे, नुसती वाफ आहे! (वाफच हवी तर मी रोज कुकर लावतेच की, बसावं शेजारी.) उठले की नळी, जेवले की नळी. घराला लहान मुलांच्या औषधासारखा वास आणि यांना खोकला. विचारलं की मैदानावरच्या धुळीवर ढकलतात.

परवाच्या फुटबॉल सामन्याला हे रेफरी. एकाने दुसऱ्याला धडधडीत पाडलं. यांनी शिट्टी तोंडात धरली, गाल फुगवले आणि फुस्स! पाठोपाठ खोकल्याची उबळ. खेळाडू गुणी हो, खोकला ऐकून थांबले. मग तोच रिवाज पडला: रेफरी खोकले की खेळ बंद. पुढे प्रेक्षकांतले एक आजोबा खोकले, गोलकीपर हात खाली सोडून उभा राहिला आणि गोल झाला. त्यावरून जी जुंपली म्हणता, ती सोडवायला शिट्टी हवी आणि रेफरींच्या छातीत वारा नाही!

शेवटी मी धरून डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी एका डबीच्या नळीतून श्वास ओढायला लावला. आतल्या तीन प्लास्टिकच्या गोळ्या वर जायला हव्यात, एकच कशीबशी हलली. तर हे म्हणतात, गोळ्या जड आहेत, बदला. (तिथेही पंचगिरी!) बाई शांतपणे म्हणाल्या, ही वाफ नव्हे, रसायनं आहेत. श्वासनळ्या सुजल्यात. आत्ता सोडलंत तर बरंचसं भरून येईल, नाहीतर गेलं ते गेलंच. वन्सं, मी हसत लिहितेय खरी, पण मला फार भीती वाटते हो.

तुमची,
धाकटी भावजय

ता. क. महिनाभर राहायला याल का? हे डॉक्टरांना घाबरत नाहीत, मला तर नाहीच नाही. घाबरतात ते एकट्या तुम्हाला. मी बोलावलंय हे मात्र कळू देऊ नका.

आणखी एक ता. क. ताई, अक्षर ओळखलंस ना? पत्र पेटीत टाकायला माझ्याकडेच दिलं होतं. फोडून वाचलं. निम्मं तिखटमीठ लावलेलं आहे. जाब विचारायला तरातरा जिना चढायला लागलो आणि अर्ध्यावरच धाप लागून खाली बसलो. तिथूनच लिहितोय. ती नळी माझ्याच्यानं टाकवत नाही गं. तू ये.