कोरड्या जमिनीवर वळलेली बोट

बाबा, तुमचा मुलगा तुमच्याच बोटीवरून गेला. पौषातलं धुकं होतं, धरणाच्या पाण्याचा काठ हातभरावरूनही दिसत नव्हता, आणि तो एकटाच निघाला होता. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायला मला आता डोळे मिटावे लागतात. तरी ही बातमी मीच तुम्हाला द्यायला हवी होती, कारण आपल्या घरातल्या सगळ्या वाईट बातम्या आजवर मीच मोठ्या आवाजात सांगत आले आहे. ही तेवढी हळू सांगते.

ती बोट मला कधीच आवडली नाही, हे तुम्हाला माहीत आहे. कारखान्यातल्या मित्रांनी मिळून घेतलेली ती जुनी फायबरची बोट, रविवारचे डबे, गळ, ट्रान्झिस्टर. आणि खाली काय? खाली गावं. लोकांची घरं, विहिरी, मोहाची झाडं, सगळं नर्मदेच्या अडवलेल्या पाण्याखाली. त्या गावांतून उठवलेल्या माणसांसाठी मी रस्त्यावर बसत होते आणि माझे वडील त्यांच्या शेतांवरून सहल करत होते. हे मी रांझीच्या कारखान्याच्या गेटवर, तुमच्याच पाळीची सुटी होताना, भरसभेत बोलले. तुम्ही सायकल हातात धरून शेवटपर्यंत ऐकलंत. घरी आल्यावर आईच्या स्वयंपाकघरात पाटावर बसलात आणि भाकरी मोडता मोडता म्हणालात, "तुह्या भाषणानं ते गाव वर येऊन राहिलं का?" मी ताटावरून उठून गेले. आठवडाभर आपण बोललो नाही. मग एका संध्याकाळी तुम्ही भंगारातून आणलेला, स्वतः दुरुस्त केलेला एक हातातला भोंगा माझ्या टेबलावर ठेवलात. "बोलाचंच आहे तर मागच्याले ऐकू तर आलं पाह्यजे." त्या वेळी मी तुम्हाला थँक्यूसुद्धा म्हटलं नाही. तो भोंगा मात्र मी कितीतरी मोर्च्यांत वापरला.

तुमच्यानंतर बोट धाकट्याकडे आली. रेल्वेतून निवृत्त झाल्यावर तर त्याला दुसरं काही सुचेचना. मागच्या वर्षी एका सकाळी तो धुक्यात अडकला, दुपारपर्यंत गोल गोल फिरत राहिला आणि परतल्यावर त्यानं ठरवलं की बोटीवर नवी यंत्रं बसवायची. छतावर पांढऱ्या डब्यासारखं छोटं रडार, सुकाणूच्या चाकासमोर पडदा, तळाला खोली मोजणारं यंत्र. फोनवर मला तासन् तास समजावून सांगायचा. उपग्रहावरून बोट कुठे आहे ते कळतं. पण बोट संथ चालली असली की तिचं नाक कुठे वळलंय ते उपग्रहाला नीट कळत नाही, त्यासाठी वेगळा होकायंत्राचा डबा लागतो. तो त्यानं चाकाखालच्या खणाला लागून, फळीच्या पलीकडे बसवून घेतला. जलाशयाचा तयार नकाशा त्या पडद्यात जवळजवळ कोराच होता, नुसती काठाची रेघ. म्हणून उन्हाळ्यात पाणी उतरलं तेव्हा तो उघडी पडलेली जुनी झाडं शोधत फिरला आणि पावसाळ्यानंतर जी पाण्याखाली जाणार होती त्या प्रत्येकावर त्यानं पडद्यात लाल खूण केली. मी चिडवलं, "बुडालेल्या गावांवर टीव्ही लावून फिरणार तू आता."

"टीव्ही नाही गं ताई, रडार! तुझ्या सरकारला दिसत नाही ते याच्यात दिसते."

खंडेनवमीला मी धाकट्याकडे होते. तुमची कानस, पाने, हातोडा, तो जाड पेचकस, सगळं पाटावर मांडलेलं. तुम्ही होता तेव्हापासूनचा रिवाज, मी कितीही नाकं मुरडली तरी मोडला नाही. भावजय पनागरच्या जुन्या मराठी घरातली, तिला हे सगळं जास्तच प्रिय. तिनं प्रत्येक हत्याराला हळदकुंकू लावलं आणि मला म्हणाली, "दीदी, तुम्ही देव मानत नाही, पण शिरा तर मानता ना?" मग जेवणं झाल्यावर आम्ही सगळे धरणावर गेलो. तिथं तिनं ती हत्यारं लाल फडक्यात घट्ट बांधली आणि चाकाखालच्या खणात, अगदी आत, ठेवली. "आता इथंच राहू द्या. बाबांचे हात नावेवर असले म्हणजे मला घोर नाही."

धाकटा हसला. "अच्छा, राहू दे."

जायच्या आदल्या संध्याकाळी त्याचा फोन आला होता. सगळं चांगलं चालून राहिलं आहे म्हणाला, फक्त रडारमध्ये दिसणारा काठ नकाशावरच्या काठावर बसत नाही, तिरका येतो. "काहून?" मी विचारलं. "पाणी भरलंय ना यंदा. काठ सरकला. नकाशा जुना." धरणाच्या पाण्यावर वाढलेल्या कोणालाही हे पटलं असतं. इथे काठ दर महिन्याला सरकतोच. मलाही पटलं. मग म्हणाला, "उद्या धुकं पडलं तर मजा येईल. ताई, आता आंधळा झालो तरी घरी येईन बघ."

बोट एका बुडालेल्या झाडावर चढली होती. बुंधा पाण्याच्या वीतभर खाली होता, आणि रडारला पाण्याखालचं दिसत नाही. कोळ्यांनी आवाज ऐकला, पण त्या धुक्यात पोचायला त्यांना वेळ लागला. डोकं आपटून तो पाण्यात पडला होता, अंगावर जाड कोट होता, आणि पाणी किती गार असतं ते मी तुम्हाला काय सांगू. बोट बुडाली नाही. झाडानं धरून ठेवली तिला.

रडायला मला जमत नाही, भांडायला जमतं. बोट काठावर ओढून आणली तेव्हा मी पडदा सुरू करायला लावला. बोट गेली त्या वाटेची रेघ त्यात उमटलेली होती. झाडांच्या दोन रांगांमधून मोकळी वाट आहे, तिथून जायचं सोडून ती रेघ हळूहळू एका बाजूला कलत सरळ लाल खुणांत शिरली होती. त्याच्याच हातानं केलेल्या खुणा! त्या कोणी जाणूनबुजून तुडवील? मी यंत्रं बसवणाऱ्या दुकानातल्या मेकॅनिकला बोलावून घेतलं आणि सगळ्या कोळ्यांसमोर त्याची सालटी काढली. खुनी म्हणाले त्याला. तो मान खाली घालून एवढंच म्हणत राहिला, "मैडम, हमने भैया के सामने बोट गोल घुमाकर कंपास सेट किया था. बिलकुल सही था." मी ओरडले, शोकसभेत तुझ्या दुकानाचं नाव घेईन, या शहरात तुला कोणी पंखासुद्धा दुरुस्तीला देणार नाही. तुम्हाला ठाऊक आहे, मी म्हणते ते करते.

शोकसभेच्या आदल्या दुपारी मी एकटी काठावर गेले, त्याचं सामान काढायला. पडदा सुरू केला, ती रेघ पुन्हा बघायची होती. मग खाली वाकून खण रिकामा करायला घेतला. लाल गाठोडं जड होतं, दोन्ही हातांनी ओढून बाहेर काढलं, आणि सरळ होऊन पाहते तर पडद्यावरची बोट वळत होती. बाबा, बोट कोरड्या जमिनीवर, दगडांच्या टेकूवर उभी होती. तिचं चित्र पडद्यावर आपलं नाक हळूच फिरवून वेगळ्याच दिशेला स्थिर झालं. मी गाठोडं पुन्हा आत ठेवलं. नाक पुन्हा झुकलं. काढलं, परत वळलं. किती वेळ हे करत बसले कोण जाणे. तुमचं लोखंड, फळीपलीकडे होकायंत्र. मेकॅनिकनं ते सेट केलं तेव्हा हे गाठोडं तिथं नव्हतंच. धुक्यात तो पडद्यावरचं नाक मोकळ्या वाटेकडे धरून चालला होता, आणि खरी बोट दुसरीकडे तोंड करून चालली होती. काठ तिरका दिसत होता तो पाण्यामुळे नव्हता.

मला तुमचा राग आला. हत्यारांना कुंकू लावायला तुम्ही शिकवलंत म्हणून आला. मग माझा स्वतःचा आला, कारण माझ्या डोक्यात अंधश्रद्धेवरचं भाषण आपोआप जुळायला लागलं होतं, उदाहरणासकट, माझ्याच भावाच्या मरणाचं उदाहरण. आणि ते भाषण खोटं असतं. भावजयीनं अंधश्रद्धेनं काही केलं नाही. नवरा पाण्यावर जातो म्हणून सासऱ्याचे हात त्याच्यापाशी ठेवले, एवढंच. हे तिला सांगायचं? तुझ्या हातानं बांधलेल्या गाठीनं तो मेला, असं? आणि नाही सांगायचं, तर त्या मेकॅनिकच्या पोटावर पाय द्यायचा? जन्मभर मी लोकांना सांगत आले की खरं बोलायला फक्त छाती लागते. साफ चूक आहे ते. हे मला साठीनंतर कळलं.

सभेला रांझीची सगळी कॉलनी आली होती. मी उभी राहिले आणि म्हणाले, यंत्रं चांगली होती. बसवणाऱ्यानं चोख बसवली होती, मी त्याला बोलले त्याची सगळ्यांदेखत माफी मागते. त्या धुक्यात निघायला नको होतं. घाई माझ्या भावानं केली, चूक त्याची. मागच्या रांगेत तो मेकॅनिक होता, त्याने तोंडावर रुमाल धरला.

बाहेर भावजयीनं माझा दंड पकडला. "दीदी, माणूस गेला आणि तुम्ही त्याच्यावरच ठेवलं? सब के सामने?" मी म्हणाले, असंच झालं. "तुम्हाला कोणी ना कोणी गुन्हेगार लागतेच ना! दुसरा नाही भेटला तर सख्खा भाऊ!" मंत्र्यांना मी उभ्या उभ्या उत्तरं दिली आहेत. तिच्यासमोर मात्र मी चपला शोधायला लागले. जाता जाता तिनं विचारलं, बाबांची हत्यारं कुठं आहेत. पाण्यात गेली, मी म्हणाले.

त्या दिवसापासून तिनं माझ्याशी बोलणं टाकलं आहे. तिची पोरं हिंदीतच वाढली, मराठी त्यांना कळते पण वाचता येत नाही, म्हणजे आपल्या घरात हे पत्र वाचू शकेल अशी आता ती एकटीच. म्हणून ते कुठे ठेवताही येत नाही. तरी कबूल करते, काल मी ते तिच्या दारापर्यंत नेलं होतं. तिच्यासाठी नव्हे, माझ्यासाठी. मला तिचं बोलणं परत हवं होतं. दार अर्धं उघडं होतं आणि आत ती फोनवर मुलीशी बोलत होती. माझ्या नावानं शिव्या देऊन राहिली होती, खणखणीत, श्वास न घेता, मराठीतून हिंदीत आणि हिंदीतून मराठीत उड्या मारत. तो गेल्यापासून ती एवढं सलग बोललेली मी ऐकली नव्हती. शेजारीण म्हणत होती की ती जेवतही नाही, पण आत कढईत काहीतरी परतल्याचा आवाज येत होता. मी थोडा वेळ तिथेच उभी राहून ऐकलं, आणि पत्र घेऊन परत आले.